दोघांची नौका आणि समुद्राचे घड्याळ

संसाराला नौकेची उपमा देण्याची आपणां मराठी माणसांची खोड फार जुनी आहे. लग्नघरी संसारसागर येतो, निरोपसमारंभात जीवननौका येते, आणि साठीशांतीच्या भाषणात तर 'उभयतांनी ही नाव पैलतीरी नेली' असे कुणी ना कुणी म्हटल्यावाचून खाली बसत नाही. गंमत अशी की, ही उपमा देणाऱ्यांपैकी आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नवराबायको मिळून चालवीत असलेली खरीखुरी नौका उभ्या जन्मात पाहिलेली नसते. आम्ही सुरतकर मराठी मंडळी तर समुद्रापासून वीसेक किलोमीटरांवर राहतो. रविवारी डुमसला जाऊन टमाट्याची भजी खातो, ओहोटीच्या चिखलाला नाक मुरडतो आणि सूर्य बुडाला की घरी परततो. समुद्र आपल्या लेखी एक देखावा. त्यावरून जाता येते, सावकाश जाता येते, आणि दोघांनाच जाता येते, ही कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाही.

वाचकहो, या लेखाचा विषय नेमका तोच आहे. पतिपत्नींनी आपली स्वतःची लहानशी नौका घ्यावी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, या खाडीतून त्या खाडीत, कसलीही घाई न करता प्रवास करावा, असा एक छंद जगात गेली शंभर-दीडशे वर्षे रुजलेला आहे. तो श्रीमंतांचा चोचला आहे काय, की प्रौढ वयातल्या दांपत्याला त्यातून काही शिकण्यासारखे आहे, याचा विचार करावा म्हणून हा प्रपंच.

काही दर्यावर्दी दांपत्ये

आरंभी हा छंद श्रीमंतांचाच होता, हे कबूल केले पाहिजे. इंग्लंडमधील टॉमस ब्रॅसी आणि त्यांची पत्नी ॲना यांनी १८७६-७७ साली 'सनबीम' या आपल्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मुले, खलाशी आणि नोकरचाकर धरून नौकेवर चाळीसाहून अधिक माणसे होती. ॲनाबाईंनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले व ते अतिशय लोकप्रिय झाले. हीच नौका १८८७ च्या आरंभी मुंबई बंदरात आली होती. त्याच सफरीत पुढे ऑस्ट्रेलियाहून परतताना ॲनाबाईंना तापाने गाठले आणि १४ सप्टेंबर १८८७ रोजी भर समुद्रात त्यांचा अंत झाला. त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती. त्यांचा देह समुद्रालाच अर्पण करावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. नोकरचाकर गेले, नौका लहान झाल्या आणि दोघांनीच सर्व कामे करायची अशी रीत पडली. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्रज जोडपे 'वाँडरर तृतीय' नावाच्या अवघ्या तीस फुटी शिडाच्या नौकेतून १९५२ ते १९५५ या काळात जगाला वळसा घालून आले. एरिक यांची दृष्टी फारच अधू होती. तीस फूट म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांची लांबी! तेवढ्या जागेत या दोघांनी तीन वर्षांचा संसार केला.

तिसरे जोडपे आपल्या अधिक जवळचे, कारण त्यांतील पती हिंदुस्थानच्या लष्करात होता. ब्रिगेडियर माइल्स स्मीटन आणि त्यांची पत्नी बेरिल. या दोघांनी वयाच्या पंचेचाळिशीत 'त्झू हांग' ही नौका विकत घेतली, तेव्हा त्यांना शिडाची विद्या अवगत नव्हती. १९५७ च्या फेब्रुवारीत केप हॉर्नच्या वाटेवर एका प्रचंड लाटेने त्यांची नौका उलटीपालटी केली. सुकाणूवर त्या वेळी बेरिलबाई होत्या. त्या पाण्यात दूर फेकल्या गेल्या, जखमी स्थितीत पोहत परत आल्या आणि वर ओढून घेतल्यावर फुटक्या नौकेतले पाणी उपसायला लागल्या. डोलकाठ्या मोडल्या होत्या. सोबत जॉन गझवेल हा सुतारकामात निष्णात असा तरुण मित्र होता, त्याच्या साहाय्याने डागडुजी करून ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. त्या वेळी नवराबायको दोघेही पन्नाशी ओलांडलेले होते. आपल्याकडे या वयात माणसे जिना चढताना कठड्याला हात लावू लागतात.

आपल्या देशातही आता या वाटेवर पावले पडू लागली आहेत. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गौरव गौतम आणि त्यांच्या पत्नी वैदेही चिटणवीस यांनी २०२२ साली आपल्या मुलीसह सुमारे बेचाळीस फुटी शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड थाटले. नौकेचे नाव 'रीवा'. ते कानी पडताच आम्हां गुजरातनिवासी मराठी माणसांना नर्मदामाईची रेवा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याआधी, २००९-१० मध्ये, कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या नौकेतून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून पहिल्या भारतीयाचा मान मिळविला. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. तिची धाकटी बहीण 'तारिणी'. तिच्यातून दिलना आणि रूपा या नौदलातील दोघीच अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी जगप्रदक्षिणा पुरी करून परतल्या. तेव्हा 'बायकांना हे कसे झेपणार' हा प्रश्न यापुढे कुणी विचारू नये.

मग आपल्याकडे हे का नाही?

ज्या सुरतेत बसून मी हे लिहीत आहे, तिचे सारे वैभव समुद्राने दिलेले. मुघल अमदानीत हज यात्रेकरूंची जहाजे इथून सुटत. त्या यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेल्या मुघल सराईत आज आमच्या महापालिकेचे कार्यालय आहे, आणि घरपट्टीच्या निमित्ताने तिथे जाणाऱ्या माणसाला आपण एका सागरी धर्मशाळेत उभे आहोत याची जाणीवही नसते. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले, म्हणून मोठी जहाजे सुवाळीच्या किनाऱ्यालगत नांगर टाकीत. नौकाबांधणीची विद्याही इथे होती. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी कारागीर मुंबईस गेला आणि त्याच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यानुपिढ्या जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

एवढा वारसा असूनही समुद्र आपल्या घरात आला नाही. त्याची कारणे उघड आहेत. आपल्याकडे दर्यावर गेले ते व्यापारासाठी, युद्धासाठी, यात्रेसाठी किंवा मासळीसाठी. पुरुषाने दर्यावर जायचे आणि स्त्रीने किनाऱ्यावर वाट पाहायची, अशी कामाची वाटणी कोळीवाड्यापासून खारव्यांच्या वस्तीपर्यंत सर्वत्र होती. पांढरपेशांत तर समुद्र ओलांडणेच निषिद्ध होते. त्यात भीतीची भर पडली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट पावसाळी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. कोकणातल्या किती घरांत ती अवस पुढे कित्येक वर्षे मुक्याने पाळली गेली असेल! ज्या समाजाच्या स्मृतीत असे घाव आहेत, त्याला 'हौसेने समुद्रावर जा' असे सांगणे सोपे नाही.

आणखी एक व्यावहारिक कारण म्हणजे खर्च आणि सोय. खाजगी नौका बांधून ठेवायला जागा लागते. केरळात कोचीनजवळ बोलगट्टीला तशी गोदी आहे, पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशी ठिकाणे मोजकीच. हे सर्व मान्य करूनही मला वाटते की, भीतीचे मोठे मूळ अज्ञानात आहे. रामदास बुडाली ती भर पावसाळ्यात. ज्याला दर्या कळतो तो त्या दिवसांत होडी शाकारून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो.

समुद्राचे घड्याळ

समजा, एखाद्या दांपत्याने सुरतेहून मुंबईपर्यंत आपल्या नौकेने जायचे ठरविले. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे १३५ सागरी मैल, म्हणजे अडीचशे किलोमीटर. आगगाडीने तीन-चार तासांची बाब. शिडाची लहान नौका ताशी पाच मैलांनी चालली तर अखंड सव्वा दिवस लागेल. पण सावकाश जाणाऱ्याने हे पाच-सहा टप्प्यांत करावे. हजीऱ्याहून निघून अंबिकेच्या मुखाशी बिलिमोरा, जे एके काळी बडोद्याच्या गायकवाडांचे बंदर होते. तिथून दमण, जिथे दमणगंगेच्या दोन तीरांवर मोटी दमण आणि नानी दमण एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. मग उंबरगाव मागे टाकून झाई-बोर्डीपाशी महाराष्ट्राचा किनारा लागतो. पुढे डहाणू, तारापूर, पापलेटांसाठी प्रसिद्ध असलेले सातपाटी, वैतरणेच्या मुखावरचा अर्नाळ्याचा बेटातला किल्ला, चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेली वसई, आणि शेवटी मुंबई. आगगाडीच्या खिडकीतून ही सारी नावे फलाटांवरच्या पाट्या होऊन सरकतात. समुद्रावरून त्यांतले प्रत्येक गाव एका नदीचे किंवा खाडीचे मुख म्हणून समोर येते.

या वाटेवर खरी मालकी मात्र भरती-ओहोटीची. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आहे. मुखाशी रुंद, आत निमुळते आणि उथळ. शिरणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते उंच चढते. भावनगरच्या बाजूस उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांहून अधिक, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा होतो. अलंगला १९८३ पासून जहाजे मोडण्याचा जो उद्योग चालतो तो याच बळावर. मोठ्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचे, पाणी ओसरले की ते कोरड्यावर उभे! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथातही भडोचच्या या भरतीचे भयचकित वर्णन आहे. परक्या जहाजांना सांभाळून आत आणण्यासाठी राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, असे तो लिहितो. म्हणजे वाट दाखविणारा माणूस तेव्हाही आपल्याच किनाऱ्यावरचा होता.

या पाण्याशी भांडून चालत नाही. सुरतेहून दक्षिणेस जायचे तर भरती पुरी झाली की नांगर उचलावा, म्हणजे ओसरणारे पाणी सहा तास आपल्या बरोबर वाहते. ते उलटले की नांगर टाकून स्वस्थ बसावे. लहान खाड्या ओहोटीला कोरड्या पडतात, तेव्हा आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळही पाणीच ठरविते. आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सात वाजता निघालात तर उद्या आठाच्या सुमारास.

मागे एकदा आम्ही उभयता हजीऱ्याहून घोघ्याला मोटारी वाहणाऱ्या मोठ्या बोटीने गेलो होतो. २०२० सालच्या नोव्हेंबरात ही सेवा सुरू झाली आणि रस्त्याचे पावणेचारशे किलोमीटर समुद्रावर नव्वदांवर आले. कठड्याशी उभी असता आमची सौभाग्यवती बोटांवर काही मोजू लागली. तिचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. म्हणाली, "अहो, आज षष्ठी ना? सहाची पाऊणपट साडेचार. आमच्याकडे आज साडेचाराला भरती." शेजारी उभा असलेला खलाशी हसून म्हणाला, "बेन, इथे आखातात काही तास उशिराने येते." तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. तो तिला तिच्या आजीने शिकविलेला. ओहोटीला खडकावरची कालवे आणि वाळूतल्या तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायकांना तो येणे भागच होते. दर्यावर पुरुष जात असतील, पण दर्याचे घड्याळ घराघरांतल्या स्त्रियांनाही वाचता येत होते, हे त्या दिवशी ध्यानी आले.

वाऱ्याचेही तसेच. शाळेत आपण सर्वांनीच खारे वारे आणि मतलई वारे यांची व्याख्या घोकली आहे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वाहतात आणि दुपारी समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने, खारे वारे येतात. दक्षिणेस जाणाऱ्या नौकेला दोन्ही अनुकूल. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या सफरीचा हंगाम. तरीही अर्नाळा-वसईच्या पट्ट्यात समुद्रात खुंट रोवून डोल जाळी लावलेली असतात, म्हणून अनोळखी माणसाने रात्री जाऊ नये. गावातल्या एखाद्या जाणत्या तांडेलाला आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे. नौकेची नोंदणी, बंदर खात्याची परवानगी, प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट आणि संकटकाळी तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक, या गोष्टी हौशीच्या आधी येतात.

नौकेवरचा संसार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा नौकेवर कामाची जी वाटणी होते ती आपल्या घरांतल्या वाटणीसारखी राहूच शकत नाही. एकाने सुकाणू धरले की दुसऱ्याने शीड सांभाळले पाहिजे. एक झोपला की दुसऱ्याने जागले पाहिजे. नवऱ्याला भात शिजविता आला पाहिजे आणि बायकोला नांगर टाकता आला पाहिजे, कारण दोघांतले कुणी आजारी पडले तर तिसरे माणूस नाही. गोडे पाणी मोजून वापरायचे. रागावून दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेण्याची सोय नाही. भांडण झालेच तर पुढची भरती येण्यापूर्वी ते मिटवावे लागते, कारण नांगर उचलायला चार हात लागतात.

माझ्या पिढीच्या नोकरदार माणसांचे आयुष्य घंटेवर गेले. सकाळी शाळेची किंवा कचेरीची वेळ, दुपारी डबा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. पतीला पत्नीचे घर कसे चालते ते ठाऊक नाही आणि पत्नीला पतीची कचेरी. मुले शिकून पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी हार, नारळ आणि शाल मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसे समोरासमोर बसून वर्तमानपत्र वाटून घेतात. बोलण्यासारखे काय उरले आहे, हे दोघांनाही उमगत नाही. असे कितीतरी सहकारी मी निरोप देऊन घरी पाठविले आहेत. पुढे भेटले की सांगतात, "वेळ जात नाही हो." आणि वहिनी बाजूला होऊन म्हणतात, "हे दिवसभर घरात असतात, मला माझे कामच सुचत नाही." ही तक्रार विनोदाची नाही. तीस-पस्तीस वर्षे एका छपराखाली राहून एकमेकांबरोबर एकही काम न केलेल्या माणसांची ती व्यथा आहे.

स्मीटन दांपत्याला पंचेचाळिशीनंतर नौकेने जे दिले, ते नेमके हेच होते: दोघांनी मिळून शिकण्याजोगी एक नवी विद्या, जिच्यात कुणीच आधीपासून गुरू नव्हता. त्यांच्यासारखे केप हॉर्नला जा असे मी कुणाला सांगणार नाही. प्रत्येकाने नौका विकत घ्यावी, असेही नाही. ती ऐपत आपल्यांपैकी फार थोड्यांची. पण मुंबईत आणि गोव्यात शिडाची होडी चालवायला शिकविणाऱ्या संस्था आहेत, तिथे दोघांनी मिळून चार दिवस काढता येतील. तेही नको असेल तर हजीऱ्याची बोट आहे. दमणहून, डहाणूहून एखाद्या ओळखीच्या टंडेलाच्या होडीतून हिवाळ्यातल्या सकाळी खाडीच्या मुखापर्यंत जाऊन येता येते. फार तर इतके करावे, की घरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून तिची पाऊणपट करावी आणि त्या वेळेस डुमसला जाऊन भरती खरेच चढते आहे का ते दोघांनी पाहावे. सुरतेस तिला किती तास उशीर होतो, याचा हिशेब महिनाभर वहीत टिपून ठेवावा. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने लिहावे.

नौका सावकाश चालते ती आळसाने नव्हे. पाण्याची वेळ पाळणाऱ्याला घाई करताच येत नाही. जोडीने आयुष्य काढलेल्या माणसांनी उरलेला प्रवास या चालीने करावा आणि सुकाणू आळीपाळीने धरावे. साठीशांतीच्या भाषणातली ती जुनी उपमा मग ऐकताना कृत्रिम वाटणार नाही.